फोटो मागताना केबी नको, पिक्सेल सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वाचकांनी पाठवलेल्या फोटोंचं पान मी आवर्जून बघते आणि हल्ली दर वेळी दोन-तीन फोटोंपाशी अडकते. माणसं ताणलेली असतात. कुणाचा गोल चेहरा लांबट झालेला, कुणी खांद्यापासून आडवं पसरलेलं, आणि ग्रुप फोटो असला तर मागच्या ओळीत चेहऱ्यांच्या जागी नुसते करडे ठिपके. पाठवणाऱ्यानं हौसेनं चांगला निघालेला फोटोच पाठवलेला असणार, मग बिघडला कुठे? मी रोज फोटो लहानमोठे करायचंच काम करते त्यामुळे बघितल्या बघितल्या कळतं की तो साइज बदलताना बिघडला, आणि बऱ्याचदा याचं मूळ फोटो मागणाऱ्याच्या सूचनेतच असतं, हे स्पष्ट लिहायचंय म्हणून हे पत्र. तुमच्या पानाखाली सूचना असते की फोटो ३०० डीपीआयचा आणि ५०० केबीच्या आत असावा. या दोन्ही आकड्यांवरून फोटो केवढा आहे हे कळतच नाही हो. फोटोची खरी साइज पिक्सेलमध्ये, म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांचा फोटो बनतो त्यांच्यात असते, आडवे किती आणि उभे किती, आणि नेमका तोच आकडा सूचनेत नसतो.

आधी केबीचं, म्हणजे फाइल किती जागा घेते त्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतंय. आपल्या मोबाइलमधले बहुतेक फोटो जेपेग असतात, फोटो साठवायची ही पद्धत १९९२ पासून चालत आलीय. ती फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे छोटे छोटे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक बारीक फरक, जे डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, ते टाकून देते. त्यामुळे मोकळ्या आभाळाच्या फोटोत ठेवण्यासारखं फार काही नसतं म्हणून फाइल छोटी होते, आणि पानापानांनी गच्च झाडाच्या फोटोत प्रत्येक चौकोनात काहीतरी असतं म्हणून फाइल मोठी होते. एकाच मोबाइलनं काढलेले, दोन्ही ४००० बाय ३००० पिक्सेलचे फोटो, पण एक दीड एमबीचा आणि दुसरा पाच-सहा एमबीचा असं सहज होतं. मग ५०० केबी या आकड्यावरून तुम्हाला काय कळणार? आणि पाठवणाऱ्याला तरी काय कळणार?

तो बिचारा काय करतो, तर दोनपैकी एक. एक तर पिक्सेल तसेच ठेवून क्वालिटीचा स्लायडर खाली खाली ओढत नेतो, ९० वरून ५०, ५० वरून २०, केबी एकदाचे बसतात पण फोटोची वाट लागलेली असते. असा फोटो स्क्रीनवर ४०० टक्के मोठा करून डोळ्यापाशी बघा. भुवईची कड सरळ राहिलेली नसते, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, गालावरचा रंग चौकोनाचौकोनांत तुटलेला असतो आणि काळ्या केसांच्या भोवती उजळ बाजूला डास घोंगावल्यासारखी किरकिर दिसते. किंवा मग तो केबी कमी करून देणारं एखादं फुकट अ‍ॅप उघडतो, ते अ‍ॅप न विचारता फोटो ६०० पिक्सेलवर आणून ठेवतं, केबी एकदम मस्त ८० वगैरे, पण तुम्ही तो दोन कॉलमात लावलात की फाटला. दोन्ही वेळा सूचना तंतोतंत पाळलेली असते बरं का, आणि तरी फोटो गेलेला असतो.

खरं तर हे किती सोपं आहे. आधी पिक्सेल कमी करायचे आणि मग क्वालिटीला हात लावायचा, या क्रमानं. मोठी बाजू १६०० पिक्सेल करा, सेव्ह करताना क्वालिटी ८० च्या आसपास ठेवा, बहुतेक फोटो ५०० केबीच्या आसपासच येतात आणि चेहऱ्यावर ओरखडाही दिसत नाही. गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये तर एक्स्पोर्ट करताना प्रिव्ह्यूला टिक केली की स्लायडर हलवू तशी फाइलची साइज तिथल्या तिथे दिसते आणि मागे फोटोही तसाच बदलताना दिसतो, म्हणजे नक्की कुठे थांबायचं हे डोळ्यांनी ठरवता येतं, आणि हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फोटोशॉपच्या एक्स्पोर्ट अ‍ॅजमध्येही फाइलची साइज दिसते. आणि उलट्या बाजूनं एक सांगते, क्वालिटी १०० ठेवून काही फायदा नाही, ९० आणि १०० मधला फरक छापील कागदावर तर सोडाच, स्क्रीनवरही शोधावा लागतो, फाइल मात्र भरमसाठ फुगते.

आता डीपीआय. हे प्रकरण इतकं गैरसमजात अडकलंय की या कामात वर्षानुवर्षं असलेली माणसंसुद्धा गोंधळतात. डीपीआय म्हणजे फोटोच्या आत असलेला काही दर्जा नाही. इतके पिक्सेल आहेत, ते छापताना एका इंचात किती बसवायचे, एवढंच तो आकडा सांगतो. ४००० पिक्सेल रुंद फोटो ३०० नं छापला तर सव्वातेरा इंचांहून थोडा जास्त होईल, १०० नं छापला तर ४० इंच होईल, फोटो तोच, एकही पिक्सेल इकडचा तिकडे नाही. आणि ३०० पिक्सेल रुंदीचा अंगठ्याएवढा फोटोसुद्धा ३०० डीपीआयचा असू शकतो, छापला की एक इंच भरेल. तो तुमच्या सूचनेत बसतो. तुम्हाला चालेल का?

यातून होतं काय ते बघा. मोबाइलवरचा फोटो फोटोशॉपमध्ये उघडला आणि इमेज साइज बघितली की बऱ्याचदा रेझोल्युशन ७२ दिसतं. तो आकडा जुन्या काळापासून चिकटलाय, १९८४ च्या अ‍ॅपलच्या पहिल्या मॅकिंतॉश कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर इंचाला ७२ ठिपके होते आणि तेव्हापासून स्क्रीनसाठी ७२ हे डोक्यात बसलं ते बसलंच, आजच्या स्क्रीनचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तर माणूस ७२ बघून घाबरतो आणि तिथे ३०० टाइप करतो, आणि खाली रिसॅम्पलची टिक तशीच असते. ओके. झालं, ४००० बाय ३००० चा फोटो १६,६६७ बाय १२,५०० चा झाला, १ कोटी २० लाख पिक्सेलचे जवळपास २० कोटी ८० लाख झाले, सतरा पटीहून जास्त, आणि त्यात नवीन माहिती शून्य. मग ही अगडबंब फाइल ईमेलनं जात नाही म्हणून परत केबी कमी करायचं अ‍ॅप. असा दोन्हीकडून मार खाल्लेला फोटो तुमच्याकडे येतो. रिसॅम्पलची टिक काढून ३०० लिहिलं असतं तर फक्त इंच बदलले असते, फोटोला धक्काही लागला नसता. ती एक टिक आहे ना, फोटो लहानमोठा करण्याचं अर्धं ज्ञान तिथे आहे असं मला खरंच वाटतं. टिक असली तर पिक्सेलच बदलणार, नसली तर फक्त छापायचं माप बदलणार.

शिवाय वर्तमानपत्राच्या कागदाला ३०० लागतच नाही. तो कागद शाई पितो, त्यावर छपाईच्या ठिपक्यांची जाळी इंचाला साधारण ८५ ते १०० ओळींची असते, आणि जाळीच्या दुप्पट पिक्सेल दिले की काम होतं, म्हणजे १७० ते २०० पुरे. गुळगुळीत कागदाच्या मासिकाला ३०० ठीक आहे. तुमच्या पानावर १६०० पिक्सेलचा फोटो आठ इंच रुंद स्वच्छ छापला जाईल, आणि वाचकांच्या पानात आठ इंचाचा फोटो कधी लागतो?

आता त्या ताणलेल्या चेहऱ्यांकडे येते. यात पाठवणाऱ्याचाही हात असतो आणि पान लावणाऱ्याचाही. पाठवणाऱ्याचं असं होतं की कुठल्यातरी अर्जासाठी २०० बाय २३० पिक्सेलचा फोटो मागितलेला असतो. त्याच्याकडचा फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा, रुंदी २०० केली की उंची आपोआप २५७ होते. ती २३० व्हायला पाहिजे म्हणून तो रुंदी-उंचीच्या मधली साखळी काढतो, किंवा पेंटमध्ये प्रमाण राखायची टिक काढतो, आणि २३० लिहून टाकतो. चेहरा दहा टक्क्यांहून जास्त चपटा झाला. दहा टक्के ऐकायला कमी वाटतं पण चेहऱ्याच्या बाबतीत आपली नजर फार तीक्ष्ण असते, ओळखीचं माणूस लगेच परकं वाटायला लागतं. त्यानं फक्त वरून-खालून मिळून २७ पिक्सेल कापायचे होते. क्रॉप करायचं, दाबायचं नाही. डोक्यावरची मोकळी जागा गेली असती, माणूस तसाच राहिला असता. ओळखपत्रावर वर्षानुवर्षं वागवायचा फोटो असतो हो तो.

पान लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे सवय नडते. फोटोशॉपमध्ये पूर्वी कोपरा धरून ओढताना शिफ्ट दाबलं की प्रमाण राहायचं, बोटांना तेच वळण पडलेलं. सीसी २०१९ पासून हे उलटं झालं, आता नुसतं ओढलं की प्रमाण राहतं आणि शिफ्ट दाबलं की फोटो ताणला जातो. पान लावायच्या इनडिझाइनमध्ये मात्र फ्रेमसकट फोटो प्रमाणात मोठा करायला कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबावं लागतं, नुसतं कंट्रोल धरून ओढलं तर फोटो ताणला जातो. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच टेबलावर, डेडलाइन डोक्यावर, रात्रीची वेळ, बोट चुकणारच, मी त्यांना दोष देत नाही. पण पान सोडायच्या आधी प्रत्येक फोटोची आडवी आणि उभी टक्केवारी एकसारखी आहे का एवढं बघितलं तरी कळतं, इनडिझाइनमध्ये वरच्या पट्टीत दोन्ही आकडे दिसतात. ६४ आणि ६४ असेल तर ठीक, ६४ आणि ७१ असेल तर कुणाचा तरी चेहरा बिघडलाय.

ग्रुप फोटोसाठी तर पिक्सेल मोजल्याशिवाय इलाजच नाही. समजा फोटो १६०० पिक्सेल रुंद आहे आणि पुढच्या ओळीत दहा माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. एकेकाच्या वाट्याला १६० पिक्सेल आले, त्यात चेहरा धरा ६० चा. ६० पिक्सेलमध्ये माणूस ओळखू येतो, हसतोय की नाही तेही कळतं. हाच फोटो कुणी ४०० वर आणला की चेहरा १५ पिक्सेलचा झाला, त्यात दोन डोळे, नाक, तोंड, चष्मा काय काय मावणार? १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला, पहिला स्कॅन केलेला डिजिटल फोटो म्हणून तो ओळखला जातो, आणि तो होता फक्त १७६ बाय १७६ चा. आजच्या १ कोटी २० लाखांच्या फोटोपुढे तो चिमूटभरसुद्धा नाही, पण सगळे पिक्सेल एका बाळाच्या वाट्याला आले म्हणून त्याचा चेहरा अजून ओळखू येतो. म्हणून एकट्याच्या फोटोला १६०० पिक्सेल चालतील तिथे चाळीस जणांच्या फोटोला ३००० मागा, एकच मर्यादा दोघांना लावू नका.

लहान करायची पद्धत कुठली निवडायची यावर फार लिहीत नाही. बायक्युबिक किंवा लँक्झॉस निवडा आणि निअरेस्ट नेबर टाळा, ती पद्धत मधले पिक्सेल नुसते उडवते त्यामुळे चौकडीच्या शर्टावर आणि जाळीच्या खिडकीवर नसलेल्या लाटा उमटतात. लहान केल्यावर अगदी थोडं शार्पन, बास. आणि अक्षरं असलेला स्क्रीनशॉट असेल तर तो पीएनजी या फाइलप्रकारातच ठेवा, जेपेग अक्षरांच्या कडा खराब करतं.

मोठं करायचं मात्र वेगळं आहे आणि इथे मला तुमच्याकडून जास्त काळजीची अपेक्षा आहे. ४०० पिक्सेलचा फोटो १६०० केला की जिथे एक पिक्सेल होता तिथे सोळा आले, त्यातले पंधरा सॉफ्टवेअरनं शेजारीपाजारी बघून अंदाजानं भरलेले. साध्या पद्धतीत ते निदान धूसर तरी दिसतात, बघणाऱ्याला कळतं की इथे माहिती नाहीये. पण आता एआयवाली अ‍ॅप्स आलीत, ती धूसर जागी स्वतःच्या मनानं पापण्या काढतात, दात काढतात, पाटीवरची न वाचता येणारी अक्षरं काहीतरी वेगळीच करून ठेवतात, आणि सगळं इतकं लखलखीत दिसतं की शंकाच येत नाही. निधनवार्तेतल्या फोटोंचं हे फार वाईट होतंय. गेलेल्या माणसाचा वेगळा फोटो घरात सापडत नाही, मग कुठल्यातरी ग्रुप फोटोतला ६० पिक्सेलचा चेहरा कापून अ‍ॅपमध्ये घालतात, आणि छापून येतो तो कुणा दुसऱ्याच माणसाचा चेहरा असतो, थोडासा त्यांच्यासारखा. घरच्यांना सुरुवातीला बरं वाटतं कारण फोटो स्वच्छ आहे, पण पुढे नातवंडं तोच चेहरा खरा धरून चालतात. हे मला बघवत नाही.

याला रस्ता आहे. मूळ कागदी फोटो असेल तर तो मागवा आणि परत स्कॅन करा. चेहरा सेंटीमीटरभर असेल तर ३०० नं स्कॅन करून जेमतेम ११८ पिक्सेल मिळतात, ६०० नं केला की २३६, आणि हे पिक्सेल कागदावरून आलेले असतात, कुणी मनानं भरलेले नाहीत. वर्तमानपत्रात इंच-सव्वा इंचाच्या फोटोला तेवढे पुरतात. कागदी फोटोचा मोबाइलनं फोटो काढून पाठवला की त्यात चकाकी येते, कड तिरपी होते, म्हणून जमेल तिथे स्कॅनच करा. आणि अगदीच काही नसेल तर आहे तो चेहरा लहानच छापा, दीड कॉलमाच्या हट्टासाठी दुसरा माणूस तयार करू नका.

तसंच एक बातमीच्या फोटोंबद्दल. फोटोशॉपमध्ये सीएस ४ पासून, म्हणजे २००८ पासून, कंटेंट अवेअर स्केल म्हणून सोय आहे, ती माणसं जशीच्या तशी ठेवते आणि मधली रिकामी जागा खाऊन फोटो अरुंद करते. निसर्गाच्या पोस्टरला ठीक आहे. पण दोन माणसं मंचावर दोन टोकांना बसली होती आणि पेपरात ती खांद्याला खांदा लावून बसलेली दिसली, तर ती साइज बदललेली नाही, घटना बदललेली आहे. कॉलमात बसत नसेल तर क्रॉप करा, किंवा फोटोची जागा बदला.

वाचकांसाठीही दोन ओळी लिहिते, छापाल अशी आशा आहे. मूळ फाइलला हात लावू नका. आधी कॉपी करा, कॉपीला वेगळं नाव द्या, आणि त्या कॉपीवर जे करायचं ते करा, कारण लहान केलेला फोटो सेव्ह करून बंद केला की गेलेले पिक्सेल कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाहीत, अनडू, म्हणजे केलेला बदल मागे घेणं, फक्त फाइल उघडी असेपर्यंतच असतं. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून, थोडं थोडं बदलून सेव्ह करत राहिलं तर दर वेळी थोडा थोडा दर्जा जातो, त्यामुळे लहान करायचं ते एकदाच आणि शेवटी करा, आधी उजेड-रंग, मग क्रॉप, मग साइज. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवला की तो तिथे लहान होतोच, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. लग्नाचे, बारशाचे, शाळेतल्या शेवटच्या दिवसाचे कितीतरी फोटो आता फक्त फॉरवर्ड होऊन आलेल्या रूपातच लोकांकडे उरलेत, मूळ कुणाकडे होतं तेही आठवत नाही. ज्याच्याकडे मूळ आहे त्याच्याकडून आजच डॉक्युमेंट म्हणून मागून घ्या, त्याचा मोबाइल बदलायच्या आत.

आणि तुमची ती सूचना. माझ्या मते ती अशी असावी: "फोटोची मोठी बाजू किमान १६०० पिक्सेल असावी, ग्रुप फोटोची किमान ३०००. फोटो ताणू किंवा दाबू नये, लागल्यास क्रॉप आम्ही करू. शक्यतो मूळ फाइलच पाठवावी, लहान आम्ही करू. एआयनं स्वच्छ केलेला फोटो पाठवू नये." केबीची मर्यादा ठेवायचीच असेल तर ती १० एमबी करा, आजच्या ईमेलला तेवढं जड नाही. डीपीआयचा उल्लेख काढून टाका. एवढ्या चार ओळी सध्याच्या सूचनेच्या जागेत बसतात, मी मोजून बघितलंय. पुढच्या रविवारच्या पानापासून छापता आल्या तर फार बरं होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक